कस्टम वॉटर कूलिंग: प्रोसेसर ९० अंशांवर, पंप तर चालू दिसतोय. आधी काय उघडू?

संत्रा_बर्फी | शनिवार, रात्री ११:४०

मंडळी, मदत हवी आहे. मी नागपूरची. घरांचे थ्रीडी नकाशे आणि रेंडर (संगणकाने रंगवलेली चित्रं) करून देते, त्यामुळे पीसी म्हणजे माझं दुकानच. तीन वर्षांपूर्वी भावाच्या नादाने स्वतः लूप बांधला, म्हणजे पंपाने पाणी फिरवून पीसी गार ठेवायची व्यवस्था. रायझन ९ ५९५०एक्स प्रोसेसर, आरटीएक्स ३०८० ग्राफिक्स कार्ड, दोघांवर ब्लॉक (चिपवर बसणारी, आतून पाणी खेळणारी धातूची पेटी), समोर ३६० मिलिमीटरचा तीन पंख्यांचा रेडिएटर, वर २४० चा दोन पंख्यांचा, डी५ पंप आणि टाकी एकत्र, पाइप मऊ पारदर्शक पीव्हीसीचे. तेव्हा पूर्ण रेंडरला प्रोसेसर ६८-७० च्या वर जायचा नाही.

आता मे महिना आहे. ब्लेंडर या थ्रीडी सॉफ्टवेअरमध्ये प्रोसेसर आणि कार्ड दोन्ही लावले की वीस मिनिटांत प्रोसेसर ९० वर टेकतो आणि स्वतःचा वेग कमी करतो. जी फ्रेम ३८ मिनिटांत व्हायची तिला ५५ लागतात. कार्ड मात्र ६६ वर निवांत आहे. पंपाचा वेग मदरबोर्ड ४७०० दाखवतो, पण मधूनच टाकीतून गुरगुर ऐकू येते. पाणी कमी झालं होतं म्हणून दोनदा घरच्या आरओचं टाकलं.

भाऊ म्हणतो पंप गेला. नवा मागवू का? क्लायंट डोक्यावर बसलाय.

कर्जत_लोकल | शनिवार, रात्री ११:५२

शीर्षक वाचून वाटलं खिडकीतला कूलर बिघडला. खस बदला म्हणून लिहायला आलो होतो. चालू द्या.

संत्रा_बर्फी | शनिवार, रात्री ११:५५

तो पण आहे बाप्पा, त्याच्याशिवाय नागपुरात मे निघतो का! तो मस्त चालतोय. प्रश्न दुसऱ्या कूलरचा आहे.

चहाबाज | रविवार, सकाळी ८:१०

माझं मत विचारलं नाही तरी देतो. हे सगळं विका, नॉक्टुआचा डी१५ हा नुसत्या हवेवर चालणारा कूलर लावा आणि झोपा. त्यात फक्त पंखे बिघडतात, आणि पंखा बदलायला पाना लागत नाही, क्लिप लागते. पाणी आणि वीज एका डब्यात ठेवायची हौस मला कधी कळली नाही.

सिएटलची_सर | रविवार, सकाळी ९:३०

चहाबाज, प्रत्येक वॉटर कूलिंगच्या धाग्यावर तुमचा हाच प्रतिसाद असतो :) खरंय तुमचं, पण ३२० वॉटचं कार्ड आणि १६ कोअर एकाच खोलीत रात्रभर चालवायचे आणि त्याच खोलीत झोपायचं असेल तर आवाजाचा फरक मोठा आहे. मुद्द्यावर येऊ या.

संत्रा_बर्फी, पंप मागवू नका एवढ्यात. आपले उलटा_पाना येऊ देत, ते आधी दहा प्रश्न विचारतील.

उलटा_पाना | रविवार, सकाळी १०:१५

आलो. दहा नाही, दोनच प्रश्न.

मी आयुष्यभर कारखान्यातले चिलर आणि कॉम्प्रेसर सांभाळले, आता निवृत्त आहे. तिथे एक शिस्त होती: मोजल्याशिवाय पाना उचलायचा नाही. तुमच्या पीसीत उष्णतेचा प्रवास दोन टप्प्यांत होतो. चिपमधून पाण्यात, आणि पाण्यातून हवेत. बिघाड कुठल्या टप्प्यात आहे ते आकडे सांगतात. चिप आणि पाणी यांच्यातला फरक वाढला असेल तर दोष ब्लॉकमध्ये, पेस्टमध्ये (चिप आणि ब्लॉक यांच्यामधला उष्णता वाहणारा लेप) किंवा बसवणीत. पाणी आणि खोलीची हवा यांच्यातला फरक वाढला असेल तर दोष रेडिएटरमध्ये, पंख्यात किंवा हवेच्या वाटेत. नुसतं "प्रोसेसर ९०" म्हणजे "ताप आलाय" एवढंच झालं. ताप कशाने आलाय ते त्यातून कळत नाही.

पहिला प्रश्न: पाण्याचं तापमान किती? दुसरा: पीसी शांत असताना रेंडर सुरू केलं की पहिल्या पाच सेकंदांत प्रोसेसर कुठे उडी मारतो, आणि मग वीस मिनिटांत कुठे जातो?

संत्रा_बर्फी | रविवार, दुपारी १२:०५

काका, पाण्याचा सेन्सर लावलाच नाही. तेव्हा पैसे वाचवले. उडीचं बघितलं: रेंडर सुरू करताच चार-पाच सेकंदांत ७५-७६. मग हळूहळू चढत १८ मिनिटांनी ९०.

उलटा_पाना | रविवार, दुपारी १२:४०

म्हणजे दोन्हीकडे पाणी मुरतंय. उडी मोठी आहे, हे ब्लॉककडे बोट दाखवतं. आणि नंतरची चढण लांब आहे, हे रेडिएटरकडे. एकाच दोषाने दोन्ही होत नाही सहसा.

सेन्सर नाही तर ही युक्ती करा. वीस मिनिटं रेंडर चालू द्या, मग एकदम बंद करा आणि दहा-पंधरा सेकंदांनी ग्राफिक्स कार्डाचं तापमान वाचा. कार्डावर काम नसलं की त्याची चिप पाण्यापेक्षा दोन-तीन अंशच वर असते. त्यातून दोन वजा केले की पाण्याचा बऱ्यापैकी अंदाज येतो. प्रोसेसरवर ही युक्ती चालत नाही, रायझन रिकामा असतानाही मधूनच उड्या मारतो. आणि खोलीचं तापमान मोबाइलवरच्या हवामानाचं नको. थर्मामीटर समोरच्या रेडिएटरच्या तोंडाशी धरा.

संत्रा_बर्फी | रविवार, दुपारी २:२०

बाहेर ४४ आहे, खोलीत कूलर चालू, रेडिएटरसमोर ३४. रेंडर बंद केल्यावर कार्ड ५४ वर थांबलं. म्हणजे पाणी ५२?

उलटा_पाना | रविवार, दुपारी २:३५

बरोबर. आता हिशेब करा.

हवा ३४, पाणी ५२, फरक १८. तुमचा एकूण भार प्रोसेसरचे १४२ आणि कार्डाचे ३२०, म्हणजे साधारण ४६० वॉट. रेडिएटर दोन मिळून पाच पंख्यांचे. पंख्यामागे ९० वॉट आले. एवढ्या भाराला चांगल्या स्थितीतला रेडिएटर १०-१२ अंशांचा फरक ठेवतो. तुमचा १८. एक आरोपी सापडला.

पाणी ५२, प्रोसेसर ९०, फरक ३८. तुम्हीच म्हणालात की नवीन असताना ६८ असायचा. तेव्हा पाणी ४० धरलं तर फरक २८ होता. दुसरा आरोपी तिथे.

पाणी ५२, कार्ड ६६, फरक १४. हे उत्तम. कार्ड निर्दोष सुटलं.

आणखी एक. डी५ सारख्या पंपांना साधारण ६० अंशांपर्यंतचं पाणी चालतं. तुम्ही ५२ वर आहात. आज-उद्या कूलर बंद पडला किंवा लाइट जाऊन परत आली आणि पीसी आपोआप चालू झाला तर ६० दूर नाही. क्लायंटला दोन दिवस थांबवा.

सिएटलची_सर | रविवार, दुपारी ३:०० (माझी मध्यरात्र उलटून गेलीय, तरी लिहितेय)

पंपाच्या ४७०० बद्दल. हा आकडा फक्त आतलं चाक किती फिरतंय ते सांगतो, पाणी किती वाहतंय ते नाही. वाट तुंबली तर चाकावरचा भार उलट कमी होतो आणि वेग थोडा वाढूनही दिसतो. म्हणून "वेग चांगला आहे म्हणजे प्रवाह चांगला आहे" हे गणित चुकतं. प्रवाह बघायचा तर फ्लो मीटर हवा.

पण प्रवाहाची भीतीही लोकांना गरजेपेक्षा जास्त असते. १ लिटर पाणी १ अंशाने तापवायला सुमारे ४१८६ ज्यूल लागतात. ४६० वॉट म्हणजे मिनिटाला २७,६०० ज्यूल. मिनिटाला ४ लिटर वाहिले तर पूर्ण फेरीत पाणी दीड-पावणेदोन अंशच तापतं. १ लिटर वाहिला तर साडेसहा अंश. म्हणजे ४ चे ८ लिटर केल्याने अंशभरसुद्धा मिळत नाही, पण १ च्या खाली गेलात की खड्डा. याच कारणाने लूपमध्ये कुठला ब्लॉक आधी आणि कुठला नंतर यावर भांडण्यात अर्थ नाही. जिथे पाइप सरळ जातो तो क्रम योग्य.

सुशेगाद_पणजी | रविवार, संध्याकाळी ५:४५

मला एक शंका. रेडिएटर सगळे तांब्याचेच आहेत ना? मी पहिल्या लूपमध्ये स्वस्तात मिळाला म्हणून ॲल्युमिनियमचा रेडिएटर आणि तांब्याचा ब्लॉक जोडला होता. दुकानदाराने "चलता है" म्हटलं, मीही चालवलं. आठ महिन्यांनी पाणी राखाडी झालं आणि ब्लॉक उघडला तर आत खवले. दोन वेगळे धातू आणि मध्ये पाणी म्हणजे बॅटरीच झाली ती. ॲल्युमिनियम स्वतः झिजतं आणि त्याचा गाळ तांब्याच्या नळ्यांत जाऊन बसतो. औषध घातलेल्या कूलंटने वेग कमी होतो, थांबत नाही. तेव्हापासून फिटिंगसुद्धा पितळेचं आहे का ते चुंबक आणि वजन बघून घेतो. गोव्यात बाहेरून खारी हवा आहेच, आतून तरी नको.

संत्रा_बर्फी | रविवार, संध्याकाळी ६:१०

नाही, ते भावाने नीट बघितलं होतं. रेडिएटर तांबं-पितळ, ब्लॉक निकेल चढवलेलं तांबं.

कोथरूड_डेपो | रविवार, रात्री ९:२०

थोडं अवांतर, पण चहाबाजांसाठी. पाणी आणि वीज एका डब्यात ठेवायची हौस फक्त आपल्याला नाही. १९८५ च्या क्रे-२ या महासंगणकात अख्खे सर्किट बोर्ड फ्लोरिनर्ट नावाच्या वीज न वाहणाऱ्या द्रवात बुडवलेले होते. आणि आमच्या पुण्यात १९८८ मध्ये सी-डॅक ही सरकारी संगणक संस्था सुरू झाली, १९९१ मध्ये तिचा परम ८००० महासंगणक आला. आता आयसर पुणे या विज्ञान संस्थेतल्या परम ब्रह्म महासंगणकात थेट द्रव-शीतन आहे, म्हणजे ब्लॉक, नळी आणि पाणी. ताईंच्या लूपचा थोरला भाऊच.

चहाबाज | रविवार, रात्री ९:४१

तिथे सांभाळायला पगारी माणूस असतो हो.

उलटा_पाना | रविवार, रात्री ९:५५

चहाबाज यांना एक गुण.

संत्रा_बर्फी, उघडण्याआधी आणखी एक माहिती द्या. तो खिडकीतला कूलर कुठे आहे आणि पीसी कुठे?

संत्रा_बर्फी | रविवार, रात्री १०:०५

टेबल कूलरच्या बरोब्बर समोर. मुद्दामच ठेवलंय, पीसीला थंड हवा मिळावी म्हणून. पीसी खाली, जमिनीवर.

उलटा_पाना | रविवार, रात्री १०:०८

आणि कूलरमध्ये पाणी बोअरचं?

संत्रा_बर्फी | रविवार, रात्री १०:०९

हो... अरे देवा.

कर्जत_लोकल | रविवार, रात्री १०:१०

मी पहिल्याच प्रतिसादात खस म्हणालो होतो. नोंद घ्यावी.

उलटा_पाना | रविवार, रात्री १०:३०

घेतली.

इतरांसाठी सांगतो. खिडकीतला कूलर हवा खरंच थंड करतो, त्यामुळे रेडिएटरला फायदाच. पण जोरात चालला की पाण्याचे बारीक थेंबही फेकतो. बोअरच्या पाण्यातले क्षार त्या थेंबांबरोबर येतात. रेडिएटरच्या पट्ट्यांवर आधी धूळ बसलेली असते, तिच्यावर हा ओलावा, मग चिखल, तो वाळतो, पुन्हा ओलावा. कोरडी धूळ ब्लोअरने उडते, हा थर उडत नाही. आमच्या कारखान्यात कूलिंग टॉवरशेजारी ठेवलेल्या प्रत्येक कंडेन्सरची हीच कथा होती. टॉर्च घेऊन पंख्यांच्या मागून बघा.

रेनकोट_दादर | सोमवार, सकाळी ७:५०

उपप्रश्न. मी दादरला राहतो, जूनपासून भिंतींनाही बुरशी येते. वॉटर कूलिंग केलं तर ब्लॉकवर दव जमणार नाही का? गार पाण्याच्या ग्लासावर जमतं तसं?

सिएटलची_सर | सोमवार, सकाळी ८:१५

नाही जमत. ग्लासातलं पाणी फ्रिजमधून आलेलं, खोलीपेक्षा थंड. तुमच्या लूपमधलं पाणी रेडिएटरमध्ये खोलीच्याच हवेने गार होतं, त्यामुळे ते खोलीच्या खाली जाऊच शकत नाही. काही जण चिलर जोडतात, त्यांनी दवाची काळजी करावी. एकच प्रसंग सांभाळा: रात्रभर एसीत गारठलेला पीसी एकदम दमट खोलीत नेलात तर सगळा पत्रा घाम सोडेल. तासभर बंद ठेवा. ते साध्या पीसीलाही लागू आहे.

संत्रा_बर्फी | सोमवार, दुपारी १:३०

टॉर्च मारली. पट्ट्यांमधून पलीकडचं दिसतच नाही. पांढरट राखाडी प्लास्टर. फोटो टाकायची लाज वाटतेय.

रेडिएटर काढायचा म्हणजे पाणी काढावंच लागणार, म्हणून प्रोसेसरचा ब्लॉकही आज उघडते. काय काय सांभाळू?

उलटा_पाना | सोमवार, दुपारी २:००

घाई नको, क्रमाने.

मुख्य बटण बंद, वायर भिंतीतून काढलेली. खाली ड्रेनचा व्हॉल्व्ह असेल तर तिथून, नसेल तर सगळ्यात खालचा पाइप. खाली तसराळं, भोवती जुने टॉवेल, ग्राफिक्स कार्डावर प्लास्टिक. टाकीचं झाकण उघडल्याशिवाय पाणी येत नाही, लोक विसरतात आणि मग पाइप ओढतात. एक-सव्वा लिटर निघेल. निघालेलं पाणी काचेच्या ग्लासात धरून उजेडात बघा आणि सांगा. फेकू नका.

ब्लॉक उघडायच्या आधी प्रत्येक बाजूने फोटो. आत एक पातळ पट्टी असते, पाण्याची धार मधोमध पाडणारी. ती कुठल्या तोंडाने होती ते नीट टिपा. वरचं झाकण ॲक्रिलिकचं असेल तर त्याला आयसोप्रोपिल अल्कोहोल लावू नका. पेस्ट पुसायला आपण तेच वापरतो, हात सवयीने जातो. ॲक्रिलिकला त्याने केसासारख्या चिरा पडतात, कधी लगेच, कधी स्क्रू आवळल्यावर. तांब्याच्या बाजूला जुना मऊ टूथब्रश, कोमट पाणी आणि भांड्यांच्या साबणाचा एक थेंब. निकेल चढवलेलं असल्यामुळे लिंबू, चिंच, पितांबरी काही नको. देवाची भांडी नाहीत ती.

संत्रा_बर्फी | सोमवार, संध्याकाळी ७:१५

पितांबरी हातात होती काका. ठेवली परत.

पाणी ग्लासात किंचित धुरकट दिसतं. वास नाही. ब्लॉकच्या आतल्या त्या केसाएवढ्या फटी आहेत ना, त्यात मधोमध पांढरट, गोंदासारखा थर. बोटाला चिकट लागतो. हिरवं काही नाही. शेवाळ आहे का हे?

सिएटलची_सर | सोमवार, संध्याकाळी ७:४० (इथे सकाळ)

शेवाळ असतं तर हिरवं, बुळबुळीत आणि वासाचं असतं, आणि टाकीच्या उजेडाच्या बाजूला आधी दिसतं. तुमचं हे पाइपातून आलेलं आहे. पीव्हीसी मुळात कडक असतं, मऊ पाइप करायला त्यात प्लास्टिसायझर घालतात. गरम पाण्यात ते वर्षानुवर्षं सुटत राहतं आणि सगळ्यात अरुंद जागी जाऊन बसतं. प्रोसेसर ब्लॉकच्या फटी मिलिमीटरच्याही अंशाएवढ्या असतात, म्हणून ते पहिलं गाळणं. तुमच्या कार्डाच्या ब्लॉकपर्यंत तेवढं पोचलं नाही. पाणी ५० च्या वर राहिल्याने वेग वाढला असणार. पाइप आतून धुरकट झालेत का बघा.

पुन्हा पीव्हीसी घालू नका. ईपीडीएम रबराचा काळा पाइप घ्या. दिसायला बागेचा पाइप, पण हा त्रास नाही. मी आधी कडक पीईटीजी प्लास्टिकच्या नळ्या वाकवून फार सुंदर लूप केला होता, आता माझ्याकडेही काळं रबर आहे. पाणी दिसत नाही याचं पहिला आठवडा वाईट वाटतं.

संत्रा_बर्फी | सोमवार, रात्री ८:०५

पाइप दुधाळ झालेत, मी समजत होते बाहेरची धूळ आहे. ईपीडीएम मागवते. आणि पाण्याचं काय? आरओचं नको होतं ना?

कोथरूड_डेपो | सोमवार, रात्री ८:३०

आरओ म्हणजे शुद्ध नव्हे, पिण्याजोगं. घरोघरी ते टीडीएसचं (पाण्यात विरघळलेले क्षार मोजणारं) पेनासारखं मीटर असतंच, बुडवून बघा. आमच्याकडे आरओ ४५ दाखवतो. डिस्टिल्ड पाणी शून्य ते दोन. गॅरेजमध्ये आणि पेट्रोल पंपावर बॅटरीचं पाणी मिळतं, त्यावर डिस्टिल्ड किंवा डीमिनरलाइज्ड लिहिलेलं बघा आणि मीटर लावून खात्री करा, ब्रँडपरत्वे फरक दिसतो. मागताना "बॅटरीचं पाणी" म्हणा. "बॅटरीचं ॲसिड" ही वेगळी बाटली त्याच कपाटात असते, आणि तिथला पोऱ्या कानात इअरफोन घालून बसलेला असतो.

गिअरबॉक्स | सोमवार, रात्री ९:००

एवढं कशाला? गाडीचं कूलंट एकास चार टाका. इंजिन चालतं त्यावर, प्रोसेसर काय चीज आहे. माझं दोन वर्षं चालू आहे.

सुशेगाद_पणजी | सोमवार, रात्री ९:२०

घरात मांजर आहे का तुमच्या? गाडीच्या बहुतेक कूलंटमध्ये एथिलीन ग्लायकॉल असतं. चवीला गोडसर आणि मांजर-कुत्र्यांना अगदी थोडंही विषारी. गाडीत ते बॉनेटखाली असतं, इथे टेबलाखाली.

उलटा_पाना | सोमवार, रात्री ९:४५

गिअरबॉक्स म्हणतात ते चालत नाही असं नाही. गंजरोधक त्यात चांगलं असतं. पण त्यातले घटक गाडीच्या धातूंना आणि रबराला धरून ठरवलेले असतात. इथे निकेल, ॲक्रिलिक आणि छोटे ओ-रिंग (सांध्यातल्या रबरी कड्या). मी तरी पीसीसाठी बनवलेलं बिनरंगी कूलंट घेईन, त्यात प्रोपिलीन ग्लायकॉल, गंजरोधक आणि जंतुनाशक आधीच असतं. रंग हवाच असेल तर पारदर्शक रंग. ते दुधाळ, पेस्टल रंगाचं असतं त्यात घन कण तरंगत असतात. फोटोला छान, पण काम करणाऱ्या यंत्रात ते कुठेतरी बसणारच. नुसतं डिस्टिल्ड घालून सहा महिन्यांनी बदलणारेही सुखी आहेत, जंतुनाशकाचे थेंब विसरायचे नाहीत.

संत्रा_बर्फी | गुरुवार, रात्री १०:५०

अपडेट. वेळ लागला, पाइप आजच आले.

समोरचा रेडिएटर गच्चीवर नेला. पातळ व्हिनेगरचा फवारा, पाच मिनिटं, मग मऊ ब्रश आणि भरपूर पाणी. तोंडांना बुचं लावून, म्हणजे आत काही गेलं नाही. जे निघालं ते बघून आई म्हणाली ही तर चुन्याची डबी. आतून गरम डिस्टिल्ड पाण्याने घुसळून तीनदा धुतला, ताकासारखा. ब्लॉक साबणाने, फटी आता चकचकीत. सगळे ओ-रिंग बघितले, एक चपटा झाला होता, बदलला. फिटिंग हातानेच आवळली.

गळतीची चाचणी: हवेचा छोटा पंप आणि मीटर भावाने आणून दिला. अर्धा बार भरली, अर्ध्या तासात काटा हलला नाही. मग पाणी भरलं. मदरबोर्डाची २४ पिनांची वायर काढून, हिरवी आणि शेजारची काळी पिन तारेने जोडून फक्त पंप चालवला. टाकी रिकामी व्हायला आली की लगेच बंद, पुन्हा भर, पुन्हा चालू. कोरडा फिरू दिला नाही. पीसी पुढे-मागे, डावी-उजवीकडे कलवून बुडबुडे काढले. गुरगुर बंद! ती टाकीतली पातळी खाली गेल्यामुळे भोवरा होऊन हवा खेचली जात होती. पंप ठणठणीत. रात्रभर टिश्यू पेपर खाली, सगळे कोरडे.

आणि आता आकडे. खोली ३४. पाणी ४४ (सेन्सर लावला, दोन पिनांचा, मदरबोर्डावर जागा होतीच). कार्ड ५८. प्रोसेसर ७८.

खूश आहे, पण काका, तुमच्या गणिताने ४४ आणि २८ म्हणजे ७२ यायला हवा. सहा अंश कुठे गेले?

उलटा_पाना | गुरुवार, रात्री ११:१५

शाब्बास. हवेचा हिशेब जुळला, १८ चा १० झाला. आता राहिला ब्लॉक. पेस्ट किती लावली? चारही स्क्रू कर्णरेषेत थोडे थोडे आवळले का? आणि पाइप नवे जोडताना पाणी ब्लॉकमध्ये कुठल्या तोंडाने जातंय ते बघा. कार्डाच्या ब्लॉकला सहसा दोन्ही बाजू चालतात. प्रोसेसरच्या ब्लॉकला नाही, धार मधोमध पडावी अशी त्याची रचना असते.

संत्रा_बर्फी | गुरुवार, रात्री ११:२८

उलटं जोडलंय. फोटो काढले होते, बघितलेच नाहीत.

कर्जत_लोकल | गुरुवार, रात्री ११:३०

आयडी उलटा_पाना, निदान उलटा पाइप. जमलंय.

संत्रा_बर्फी | शुक्रवार, संध्याकाळी ६:४०

पुन्हा पाणी काढलं, पाइपांची अदलाबदल केली, पुन्हा भरलं. या वेळी चाळीस मिनिटांत. खोली ३४, पाणी ४४, प्रोसेसर ७३. तीच फ्रेम ३८ मिनिटं. क्लायंटला पाठवली.

पंख्यांचा वेग आता प्रोसेसरऐवजी पाण्याच्या सेन्सरला बांधला. आधी प्रोसेसरच्या प्रत्येक उडीला पंखे घूं-घूं करायचे, आता पाण्यासारखेच सावकाश चढतात.

चहाबाज | शुक्रवार, संध्याकाळी ७:००

अभिनंदन. सहा दिवस, एक रेडिएटर, एक संच पाइप, एक सेन्सर, दोनदा पाणी. मी या सहा दिवसांत पंखा फुंकणीने एकदा झटकला.

रेनकोट_दादर | शुक्रवार, संध्याकाळी ७:२०

चहाबाज, तुमच्या खोलीत रेंडर चालू असताना फोनवर बोलता येतं का?

चहाबाज | शुक्रवार, संध्याकाळी ७:२२

ऐकू येत नाही, परत विचारा.

संत्रा_बर्फी | जुलै, मंगळवार, रात्री ९:१०

धागा वर काढतेय, आकडे द्यायचे राहिले होते. पाऊस चांगला लागलाय, खिडकीतला कूलर धुऊन ताडपत्रीत बांधला. खोली २९, पाणी ३९, प्रोसेसर ६८. पीसी आता दिवाणाच्या बाजूला, खिडकीपासून लांब. टाकीतली पातळी दीड महिन्यात अर्धं बोट खाली गेलीय. कुठे ओल नाही, टिश्यू कोरडे. घाबरू का?

उलटा_पाना | जुलै, मंगळवार, रात्री ९:४०

नाही. कानाकोपऱ्यात अडकलेले बुडबुडे महिनाभर टाकीत येत राहतात, तेवढी पातळी उतरते. रबरातून थोडी वाफही निघून जाते. डिस्टिल्डने भरा, टीडीएस बघून.

कर्जत_लोकल | जुलै, मंगळवार, रात्री ९:४५

आणि ताडपत्री बांधण्याआधी खस बदलली का?

संत्रा_बर्फी | जुलै, मंगळवार, रात्री ९:४६

काढून फेकली. नवी एप्रिलमध्ये घेईन, तुम्हीच आठवण करा.